हवाई छायाचित्रण : ड्रोन की वैमानिकाचे विमान

हवाई छायाचित्रण म्हणजे गाव, शेत, रस्ता, इमारत किंवा किल्ला यांचे आकाशातून चित्र घेणे. १८५८ मध्ये नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसजवळ फुग्यातून असे चित्र घेतले. पुढे हे काम विमाने आणि हेलिकॉप्टर यांच्याकडे गेले. आता लहान क्षेत्राचे बहुतेक काम ड्रोन करतो. साधन निवडताना लोक आधी कॅमेरा पाहतात, पण निर्णय खरा ठरतो तो क्षेत्र, उंची आणि परवानगी या तीन गोष्टींवर.

नकाशासाठी चित्रे हवी असतील तर हिशेब पिक्सेलपासून सुरू करावा. ड्रोनमध्ये सर्रास आढळणारा ‘एक इंची’ संवेदक (सेन्सर) प्रत्यक्षात १३.२ मिमी रुंद असतो. त्याला ८.८ मिमीचे भिंग आणि रुंदीत ५,४७२ पिक्सेल असतील, तर १२० मीटर उंचीवरून एक पिक्सेल जमिनीवर सुमारे ३.३ सेंमी व्यापतो आणि एका चित्रात १८० × १२० मीटर जागा येते. चित्रे जोडून नकाशा करायचा तर पुढच्या चित्राशी ८० टक्के आणि शेजारच्या रांगेशी ७० टक्के ओव्हरलॅप (दोन्ही चित्रांत येणारी सामाईक जागा) ठेवतात. म्हणजे दर २४ मीटरला एक चित्र आणि दोन रांगांत ५४ मीटर अंतर. एका चौरस किलोमीटरला कडा सोडून साधारण ७७० चित्रे लागतात. सेकंदाला ८ मीटर वेगाने हे उड्डाण सुमारे ४० मिनिटांचे होते, वळणे वेगळी. ३० मिनिटांची म्हणून विकलेली बॅटरी वारा आणि परतीची राखीव धरता २० मिनिटांचीच समजावी. म्हणून चौरस किलोमीटरला तीन बॅटऱ्या.

विमानाचे गणित निराळे आहे. सर्वेक्षणाच्या मोठ्या कॅमेऱ्याचे चित्र २६ हजार पिक्सेलहून रुंद असते. १० सेंमीचा पिक्सेल चालणार असेल, तर एका फेरीत अडीच किलोमीटरहून रुंद पट्टा मिळतो. ३० टक्के शेजार-ओव्हरलॅप धरला आणि वेग सेकंदाला ६० मीटर असला, तर सरळ उड्डाणात चौरस किलोमीटर नऊ-दहा सेकंदांत होतो. मात्र तळावरून कामाच्या जागी जाणे-येणे, वळणे आणि ढगांमुळे फुकट गेलेली फेरी हे सारे इंजिनाच्या तासांत धरले जाते. त्यामुळे पाच-दहा चौरस किलोमीटरसाठी विमान बोलावणे परवडत नाही, आणि अख्खा जिल्हा ड्रोनने उडवणे म्हणजे महिनोन्महिने बॅटऱ्या बदलत बसणे.

ड्रोनला शोभणाऱ्या कामाचे उत्तम उदाहरण म्हणजे गावठाण मोजणी. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत भारतीय सर्वेक्षण विभाग ड्रोन उडवतो. महाराष्ट्रात भूमी अभिलेख विभाग मिळकतींच्या हद्दी ठरवून सनद देतो. उड्डाणाआधी हद्दींवर चुना टाकतात. तो पुसट पडला किंवा झाडाखाली गेला, तर चित्रात हद्द दिसत नाही आणि वाद पुन्हा दारात येतो. २० हेक्टरच्या गावठाणाला कडा धरून सुमारे २०० चित्रे पुरतात आणि काम एका बॅटरीत होते.

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, २ किलोपर्यंतचा मायक्रो आणि २५ किलोपर्यंतचा स्मॉल. सरकारी हवाई नकाशातल्या हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून ४०० फूट म्हणजे १२० मीटरपर्यंत उड्डाणाला वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमी पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे, ५ ते ८ किमी पट्टा पिवळा (आधी परवानगी लागणारा) आणि त्याच्या आत लाल (केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय मनाई). पुण्यात लोहगाव विमानतळ हवाई दलाच्या तळावर असल्याने विमाननगरात गच्चीवरून ड्रोन उडवण्याचा विचारही करू नये. मुंबईत पोलिसांचे मनाई आदेश अधूनमधून निघतात, ते त्या-त्या वेळी तपासावेत. संरक्षित किल्ल्यांसाठी पुरातत्त्व खात्याची आणि अभयारण्यात वन खात्याची परवानगी वेगळी. नॅनो सोडून व्यवसायासाठी उडवणाऱ्याकडे वैमानिक प्रमाणपत्र हवे, आणि प्रत्येक ड्रोनला नोंदणी क्रमांक हवा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनची आयात बंद आहे, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांचा अपवाद वगळता. परदेशातल्या नातेवाइकाने सामानातून आणलेला ड्रोन कस्टममध्ये अडकतो, हे अजूनही अनेकांना ठाऊक नसते.

सह्याद्रीत सर्वाधिक चुका उंचीच्या होतात. साधा ड्रोन उंची मोजतो ती जिथून उडाला तिथून, खालच्या जमिनीपासून नव्हे. पायथ्याहून १२० मीटर लावला आणि डोंगर ९० मीटर चढला, तर माथ्यावर ३० मीटरच उरतात. ओव्हरलॅप तुटतो आणि नकाशाला भोके पडतात. उलट माथ्यावरून उडवून दरीवर नेला, तर नकळत ४०० फुटांची मर्यादा ओलांडली जाते. यावर उपाय म्हणजे भूरूपाप्रमाणे उंची बदलणारी उड्डाणयोजना, किंवा डोंगराचे टप्पे पाडून वेगवेगळी उड्डाणे. ‘घरी परत’ची उंची मोबाइल टॉवर आणि वीजतारांच्या वर ठेवावी. कड्याच्या वाऱ्याआडच्या बाजूला हवा खाली ओढते, तिथे अंतर राखावे. घार घिरट्या घालू लागली तर ड्रोन उतरवावा. लोखंडी सळया भरलेल्या स्लॅबवर कंपास जुळवू नये. यांत्रिक शटर नसलेल्या कॅमेऱ्याने वेगात चित्रे घेतली, तर भिंती तिरक्या येतात.

विमानातून तिरपी चित्रे काढायची तर सेसना १७२ सोयीचे, कारण त्याचे पंख वर असतात. खिडकीचा अडकणीचा स्क्रू काढला की ती हवेच्या दाबाने वर उचललेली राहते. भिंगापुढचा हूड काढून ठेवावा, नाहीतर वाऱ्याने उडून जातो. शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद हवे. कोपर विमानाच्या अंगाला टेकवले तर कंप चित्रात उतरतो. हेलिकॉप्टरच्या बंद काचेतून काढताना गडद कपडे घालावेत आणि पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) काढावा. ॲक्रिलिकवर त्याने इंद्रधनुषी पट्टे उमटतात. उड्डाणातून छायाचित्रण करण्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी लागते, म्हणून तारीख ठरवण्याआधी तिची सोय करावी. शहराचे ४०० फुटांपेक्षा जास्त उंचीवरून दिसणारे विस्तीर्ण दृश्य किंवा समुद्रात दूरवरचे काम असेल, तर हा खटाटोप सार्थकी लागतो.

ड्रोन विकत घेताना यंत्राची किंमत ही सुरुवात असते. तीन-चार बॅटऱ्या, जादा पाती, फिल्टर, प्रशिक्षण आणि विमा हेही त्यात धरावे. लिथियम बॅटरी पूर्ण भरून आठवडेच्या आठवडे ठेवली की फुगते. ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. महिन्यात दोन-तीन दिवसही काम नसेल तर भाड्याने घेणेच शहाणपणाचे, कारण पडून असलेला ड्रोन बॅटऱ्या गमावतो आणि उडवणाऱ्याचा हातही विसरतो. भाड्याने घेताना नोंदणी क्रमांक, वैमानिकाचे प्रमाणपत्र आणि तिऱ्हाइताचा विमा कागदावर पाहावा. वाऱ्यापावसाने दिवस गेला तर पैसे कसे, ड्रोन पडला तर खर्च कोणाचा, आणि स्थाननोंद असलेली मूळ चित्रे मिळणार की फक्त तयार व्हिडिओ, हे आधीच लिहून घ्यावे. मूळ चित्रे नसतील तर त्या दिवसाच्या कामातून पुढे नकाशा काढता येत नाही.