स्कायबस (मडगाव)

स्कायबस : उंच खांबांवर पोकळ काँक्रीटची तुळई, तुळईच्या आत रूळ आणि चाके, आणि तिच्या पोटाला ठेवलेल्या फटीतून खाली लोंबणारा प्रवासी डबा, अशा रचनेची शहरी वाहतूक व्यवस्था. कोंकण रेल्वे महामंडळाने ती विकसित केली आणि सुमारे १.६ किमी लांबीचा चाचणी मार्ग गोव्यातील मडगावात उभारला. २००४ मध्ये चाचण्या सुरू झाल्या. २५ सप्टेंबर २००४ रोजी चाचणीदरम्यान अपघात होऊन महामंडळाचा एक कर्मचारी दगावला आणि काही जण जखमी झाले. त्यानंतर काम पुढे सरकले नाही. २०१३ साली महामंडळाने प्रकल्प गुंडाळला. तिकीट काढून या डब्यात कोणी कधी बसले नाही.

नावात ‘बस’ असली तरी बसचे यात काहीच नाही. ही उलटी टांगलेली रेल्वेच. साधी आगगाडी रुळांच्या वर बसते, म्हणून घसरली की कलंडते. स्कायबसची चाके पेटीसारख्या तुळईत कोंडलेली, त्यामुळे रूळ सोडून जायला त्यांना जागाच नाही. डबा त्या चाकांना खालून टांगलेला. ‘ही गाडी घसरूच शकत नाही’ असा तिच्या पुरस्कर्त्यांचा दावा होता, आणि शब्दशः घेतला तर तो खरा आहे. दुसरे आकर्षण जागेचे. रस्त्याच्या दुभाजकात खांब रोवले की झाले, घरे पाडायला नकोत, जमीन संपादायला नको. ज्या राज्यात कोंकण रेल्वेचा मार्ग खाजन शेतांतून (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतांतून) न्यायचा की आतल्या बाजूने, यावरून १९९२-९३ मध्ये आंदोलन पेटले, काम थांबले आणि न्यायमूर्ती ओझा आयोग नेमावा लागला, तिथे ‘जमीन नको’ या दोन शब्दांचे वजन किती असेल ते वेगळे सांगायला नको.

लोंबत्या गाडीची कल्पना जुनीच. जर्मनीतील वुपरटाल शहरात १९०१ पासून वुपर नदीच्या पात्रावरून अशी गाडी धावते, मार्ग १३.३ किमीचा. जपानमध्ये शोनान (१९७०) आणि चिबा (१९८८), जर्मनीतच डॉर्टमुंड विद्यापीठाची गाडी (१९८४) ही पुढची उदाहरणे. मडगावच्या रचनेचे वेगळेपण एवढेच, की जपानी गाड्यांच्या रबरी टायरांऐवजी नेहमीची पोलादी चाके आणि नेहमीचे रूळ वापरायचे, म्हणजे सुटे भाग देशातच मिळतील आणि खर्च आटोक्यात राहील. या विचारात खोट काढण्यासारखे काही नाही.

कल्पनेमागे होते महामंडळाचे तेव्हाचे व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम. गाड्यांची टक्कर टाळणारे ‘रक्षा कवच’ हे उपकरणही त्यांच्याच पुढाकाराने आले (आज रेल्वेत बसवतात ते ‘कवच’ वेगळे). कोंकण रेल्वेने घडवलेली माणसे कल्पक होती, हे मान्यच करायला हवे. १९९० मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळात सुरुवातीला केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६. या भांडवलावर सह्याद्री पोखरून २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्ग सुरू झाला, आणि वर्षभरात मालाने भरलेले ट्रकच्या ट्रक रेल्वेच्या वाघिणींवर चढवून नेणारी ‘रो-रो’ सेवाही. अशा घरात ‘हे जमणार नाही’ हे वाक्य कोणाच्या तोंडी येत नसावे. याच घरचे पहिले प्रमुख ई. श्रीधरन दिल्लीला गेले आणि त्यांनी तिथे परदेशात वर्षानुवर्षे पारखलेली मेट्रो पद्धत आणली. डिसेंबर २००२ मध्ये ती धावू लागली. पाठोपाठ तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी २००३ च्या नववर्षाची भेट म्हणून गोव्याला स्कायबस जाहीर केली. एका शाळेतले दोन विद्यार्थी: एकाने पाठ्यपुस्तकातला प्रश्न सोडवला, दुसऱ्याने प्रश्नच नवा घातला.

पहिला टप्पा म्हापसा ते पणजी असा ठरला होता. प्रत्यक्षात उभा राहिला तो मडगावातला चाचणी मार्ग. २००१ च्या जनगणनेनुसार अख्ख्या गोव्याची लोकसंख्या साडेतेरा लाखांच्या आत. मुंबईच्या दोनचार उपनगरांत मावेल एवढी. एवढ्या माणसांना मेट्रोच्या तोडीची वाहतूक कशाला, हा प्रश्न तेव्हा तिंट्यावर (गावच्या बाजारचौकात) चहाच्या पेल्यासोबत विचारला जात होता, आणि तो अडाणी नव्हता. म्हापशाहून पणजीला येणाऱ्या माणसाची तक्रार संध्याकाळी सातनंतर कदंब (राज्य परिवहनाची बस) मिळत नाही ही होती. त्याने हवेतून जायची मागणी कधी केली नव्हती. गोव्यात स्कायबस हवी होती ती नमुना म्हणून. खरे गिऱ्हाईक मोठी शहरे, गोवा म्हणजे दुकानाची काच.

आता अपघाताकडे. टांगलेली वस्तू झोके घेते, हे शाळेतल्या लंबकापासून ठाऊक असते. वळणावर गाडी वेगात गेली की डबा बाहेरच्या बाजूला उचलला जातो, आणि किती उचलला जाईल ते वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. शंभर मीटर त्रिज्येचे वळण आणि ताशी ५० किमी वेग धरला, तर मोकळा टांगलेला डबा साधारण अकरा अंशांनी कलतो. टांगणीपासून चार मीटर खाली असलेली डब्याची कड तेवढ्याने पाऊण मीटरहून जास्त बाजूला जाते. वेग निम्मा केला तर हेच सरकणे सुमारे वीस सेंटिमीटरवर येते. ही आकडेमोड समजण्यापुरती आहे, मडगावच्या मार्गाची मोजमापे नव्हेत. पण प्रश्न कुठे आहे ते तिच्यातून दिसते. चाके पेटीत कितीही पक्की कोंडलेली असोत, डबा पेटीबाहेर आहे आणि खांबही पेटीबाहेर आहेत. २५ सप्टेंबरला चाचणीतला डबा वेगात असताना खांबाला धडकला. गाडी घसरली नव्हती. दावा शाबूत राहिला, माणूस गेला.

झोका हा मुळात दोष नाही. वुपरटालची गाडी वळणावर चांगली पंधरा अंशांपर्यंत कलते आणि तिथल्या आजीबाई त्यात भाजीच्या पिशव्या घेऊन निवांत बसलेल्या असतात. तिथे झोका धरूनच खांबांचे अंतर ठेवलेले आहे. इतर ठिकाणी स्प्रिंगा आणि धक्काशोषक लावून झोका दाबतात. थोडक्यात, एक तर डब्याला झुलायला जागा द्यायची, नाहीतर त्याला झुलू द्यायचे नाही. आणि यांपैकी काय केले आहे ते माणसे आत बसवण्याआधी रिकाम्या, वाळूची पोती भरलेल्या डब्यावर, हळूहळू वेग वाढवत तपासायचे.

ते कोणी तपासायचे, हा या नोंदीतला खरा मुद्दा. भारतात नवा रेल्वेमार्ग प्रवाशांसाठी उघडायचा तर रेल्वे सुरक्षा आयुक्ताची परवानगी लागते. हा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतो. तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. रेल्वेने रेल्वेचीच परीक्षा घेऊ नये म्हणून केलेली ही व्यवस्था, आणि सरकारी कारभारातल्या शहाणपणाच्या थोड्या गोष्टींत तिची गणना व्हावी. स्कायबसच्या पुरस्कर्त्यांची मांडणी मात्र अशी होती, की संविधानाच्या अनुच्छेद ३६६(२०) मध्ये ‘रेल्वे’च्या व्याख्येतून संपूर्णपणे नगरपालिका क्षेत्रात असलेली ट्रामवे वगळली आहे, स्कायबस शहरातल्या रस्त्यांवरून जाते, सबब ती ट्राम, सबब तिला रेल्वे कायदा लागू नाही. वकिली बुद्धीला दाद द्यावी अशी ही वाट. पण म्हापसा-पणजी मार्ग गिरी आणि पर्वरी या पंचायत भागांतून गेला असता. तो ‘संपूर्णपणे नगरपालिका क्षेत्रात’ कसा बसवणार होते? आणि त्याहून महत्त्वाचे, ज्याने कल्पना काढली तोच बांधणारा, तोच चाचणी घेणारा, आणि बाहेरचा परीक्षक दूर ठेवण्याची सोयही त्याच कल्पनेत घातलेली. घरचाच भटजी आणि घरचाच यजमान असला की मुहूर्त कधी चुकत नाही.

अपघातानंतर दोन तट पडले आणि ते आजही तसेच आहेत. एकाच्या मते देशी संशोधकाचे पाय ओढले गेले, परदेशी मेट्रो विकणाऱ्यांचे फावले. दुसऱ्याच्या मते सगळा खेळ होता, जनतेचा पैसा खांबांत गाडला. पहिल्या तटाने हे लक्षात घ्यावे की चाचणीत चूक सापडणे हा अपमान नसतो, चूक सापडावी म्हणूनच चाचणी असते. मात्र ती सापडताना आत माणसे असणे हा अपराध आहे. दुसऱ्याने चीनकडे पाहावे: वुहानमध्ये २०२३ साली साडेदहा किमीची लोंबती गाडी प्रवाशांसाठी सुरू झाली. कल्पना खुळी नव्हती.

वुपरटालमध्येही माणसे गेली आहेत. १२ एप्रिल १९९९ रोजी, रात्रीच्या दुरुस्तीत रुळावर लावलेला एक लोखंडी चिमटा काढायचा राहिला, पहाटेची पहिली गाडी त्यावर आदळून नदीत कोसळली आणि पाच जण दगावले. कारण शोधले गेले, जबाबदारी कोर्टात गेली, आणि दोनेक महिन्यांत गाडी पुन्हा सुरू झाली. मडगावात ना गाडी दुरुस्त होऊन धावली, ना ‘हे आम्हाला जमले नाही’ असे कोणी उभे राहून म्हणाले. नऊ वर्षे भिजत घोंगडे. चुकलेल्या निर्णयापेक्षा न घेतलेला निर्णय अधिकाऱ्याला नेहमीच स्वस्त पडतो; चुकीवर फाईल उघडते, न घेतलेल्या निर्णयावर धूळ बसते.

ती नऊ वर्षे खांब मात्र कामाला आले. प्रस्तुत लेखक त्या काळात पावसाळी रात्री मडगाव स्थानकावर उतरे, तेव्हा बाहेर पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकली घेऊन पायलट (भाडे घेऊन मागे बसवून नेणारे) उभे असत आणि पत्ता सांगितला की उलट प्रश्न येई: स्कायबसच्या अलीकडे की पलीकडे? खांबांना खालून हिरवे शेवाळ धरलेले, वर तुळईच्या फटीतून पाऊस थांबल्यावरही तासभर पाणी ठिबकत राहायचे, आणि त्या थेंबांच्या ओळीखाली कोणी गाडी लावत नसे. एका पायलटाने एकदा वर बोट दाखवून भाडे सांगितले होते: ‘त्यातून गेलात तर किती पडेल माहीत नाही, माझे वीस.’

‘स्कायबस’ हा शब्द २०२३ मध्ये पुन्हा बातम्यांत आला. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी शारजातील चाचणी केंद्रात तशाच नावाच्या वाहनातून फेरी मारली. ते तंत्र ताणलेल्या रुळांचे आहे, त्याचा मडगावच्या डब्याशी नावापलीकडे संबंध नाही.