गरिबांच्या मंडळीला दान परवडत नाही?

‘चर्च परदेशी पैशावर चालतं, आपल्या चार आण्यांनी काय होणार?’ हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं. ते खरं नाही, आणि मिझोरामकडे पाहिलं की लगेच कळतं.

तिथल्या प्रेस्बिटेरियन (एका प्रोटेस्टंट पंथाच्या) घरांत १९१० च्या सुमारास ‘बुहफाई थाम’, म्हणजे मूठभर तांदळाचं दान, सुरू झालं. स्वयंपाकाला तांदूळ घेताना घरची बाई त्यातला मूठभर बाजूला काढते, दर जेवणाला. मंडळीतल्या, म्हणजे स्थानिक चर्चमधल्या, स्त्रिया तो घरोघरून गोळा करतात, मग तो विकून आलेला पैसा सुवार्तेच्या कामाला लागतो. हाती रोख पैसा नसलेल्या बायकांनी उभी केलेली ही रीत आजही चालू आहे. ती मूठ मला कुठल्याही मोठ्या देणगीपेक्षा मोलाची वाटते, कारण ती घरच्या भातातून निघते.

बायबलमधल्या प्रेषित पौलानंही करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात उदाहरण ठेवलं ते श्रीमंतांचं नव्हे. कमालीच्या दारिद्र्यातही आपण होऊन देणाऱ्या मासेदोनियाच्या मंडळ्यांचं ठेवलं. दशांशाचा, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या भागाचा, आकडा त्या पत्रात त्यानं घातला नाही. प्रत्येकानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, दुःखी मनानं किंवा बळजबरीनं नको, एवढंच त्याचं मागणं होतं.