हार्ड डिस्क गेल्यावर इमेजवरून संगणक उभा करणे : पार्श्वभूमी

विंडोज ११ च्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ नावाचे एक पान अजूनही सापडते आणि त्या नावापुढे कंसात ‘विंडोज ७’ असे लिहिलेले असते. सिस्टिम इमेज, म्हणजे विंडोज, प्रोग्राम आणि फायली यांसकट संपूर्ण डिस्कची प्रत, काढण्याची सोय याच पानावर आहे. २०१७ पासून ही सोय ‘यापुढे विकास होणार नाही’ अशा अधिकृत यादीत आहे; तेव्हापासून ती काढूनही टाकलेली नाही आणि सुधारलेलीही नाही. हार्ड डिस्क गेल्यावर इमेजवरून संगणक पुन्हा चालू करण्याचे काम आजही इतके बेभरवशाचे का आहे, याचे उत्तर बऱ्याच अंशी या अधांतरी अवस्थेत आहे, आणि ती कशी आली हे समजण्यासाठी गेल्या पंचवीस-तीस वर्षांकडे पाहावे लागते.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येईल. १९७० च्या दशकातल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ‘डीडी’ ही आज्ञा होती आणि तिच्या साहाय्याने संपूर्ण डिस्क जशीच्या तशी दुसरीकडे उतरवता येत असे. १९८३ मध्ये १० एमबीची हार्ड डिस्क असलेला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला, तेव्हा विंडोजच्या आधीच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ‘बॅकअप’ आणि ‘रिस्टोअर’ या आज्ञाही आल्या. डिस्क भरलेली असेल तर ३६० केबीच्या अठ्ठावीस-तीस फ्लॉपी लागत, आणि डॉसच्या एका आवृत्तीत घेतलेला बॅकअप दुसऱ्या आवृत्तीत उतरेलच याची खात्री नसे. तरीही त्या काळी प्रोग्राम म्हणजे बहुधा एका डिरेक्टरीतल्या काही फायली असत, आणि त्या परत जागेवर आल्या की काम सुरू होई. विंडोज ९५ पासून हे बदलले. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही), ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्राम) आणि सिस्टिम फोल्डरमध्ये विखुरलेल्या फायली यांमुळे नुसत्या फायली परत टाकून संगणक पूर्ववत होणे दुरापास्त झाले, आणि घरगुती संगणकांसाठी इमेजची गरज खऱ्या अर्थाने तेव्हा निर्माण झाली.

ती गरज भागवणारा सर्वांत गाजलेला प्रोग्राम म्हणजे ‘घोस्ट’. तो १९९० च्या दशकाच्या मध्यात न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे तयार झाला आणि १९९८ मध्ये एका मोठ्या अमेरिकी कंपनीने विकत घेतला. डॉसच्या बूट फ्लॉपीवर तो मावत असे. विंडोज बंद ठेवून तो संपूर्ण पार्टिशन (डिस्कचा विभाग) एका ‘जीएचओ’ फाइलमध्ये साठवी आणि नवी डिस्क लहान किंवा मोठी असली तरी, डेटा मावत असल्यास, पार्टिशनचा आकार जुळवून घेई. ही शेवटची क्षमता लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढच्या वादाचा मुद्दा तोच आहे. घोस्टचा मूळ उद्देश मात्र बिघाडातून सावरणे हा नव्हता. एकसारखे अनेक संगणक झटपट तयार करणे हा होता. महाराष्ट्रातल्या संगणक प्रशिक्षण संस्था, सायबर कॅफे आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर संगणक जुळवून देणारे विक्रेते यांच्याकडे तो त्याच कामासाठी पोहोचला, आणि तंत्रज्ञांच्या तोंडी ‘फॉरमॅट मारणे’ याच्या जोडीला ‘घोस्ट मारणे’ हा प्रयोग रूढ झाला. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच व्हायरसने जगभरातील, भारतातीलही, असंख्य संगणकांच्या डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसून टाकला, तेव्हा ज्यांच्याकडे सीडीवर इमेज होती त्यांचे संगणक लवकर चालू झाले.

एकसारख्या यंत्रांसाठी घडवलेले हे साधन वेगळ्या यंत्रावर अडखळे. डिस्कबरोबर मदरबोर्डही बदलावा लागला असेल, तर नव्या डिस्कवर उतरवलेली इमेज ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा मजकूर असलेल्या निळ्या स्क्रीनवर थांबे, कारण नव्या कंट्रोलरचा (डिस्क हाताळणाऱ्या चिपचा) ड्रायव्हर जुन्या विंडोजमध्ये नसे. इमेज काढण्याची बाजू पुढे पुष्कळ सुधारली. विंडोज एक्सपीच्या काळात आलेल्या, वापरात असलेल्या फायलींचीही प्रत घेणाऱ्या शॅडो कॉपी सेवेमुळे विंडोज चालू असतानाच इमेज काढणे सोपे झाले, आणि २००४ मध्ये आलेल्या घोस्टच्या नवव्या आवृत्तीत ही सोय घरगुती ग्राहकालाही मिळाली. इमेज परत डिस्कवर उतरवण्याच्या बाजूकडे मात्र तितके लक्ष गेले नाही. एक्सपी प्रोफेशनलमधील ‘ऑटोमेटेड सिस्टिम रिकव्हरी’ला परत उतरवताना फ्लॉपी लागत असे, आणि ती अशा वेळी, जेव्हा नवे लॅपटॉप फ्लॉपी ड्राइव्हशिवाय येऊ लागले होते. होम आवृत्तीत तर ही सोय नव्हतीच.

याच सुमारास ब्रँडेड संगणकांच्या उत्पादकांनी घेतलेला एक निर्णय आजही भोवतो आहे. पूर्वी संगणकासोबत सीडी मिळत. त्याऐवजी कारखान्यातली इमेज त्याच हार्ड डिस्कवरील लपवलेल्या पार्टिशनमध्ये ठेवली जाऊ लागली आणि रिकव्हरीच्या सीडी स्वतः तयार करून घ्याव्यात अशी सूचना ग्राहकाला संगणक पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीनवर दिली जाऊ लागली. व्हायरस आला किंवा विंडोज बिघडले तर हे पार्टिशन उपयोगी पडते, यात शंका नाही. परंतु डिस्कच गेली की तेही तिच्याबरोबर जाते. सीडीचा खर्च वाचवण्यासाठी ग्राहकाच्या एकमेव हमीवर घाला घालणारा हा निर्णय होता, असेच म्हणावे लागते.

डिस्क किती आणि कशा जातात, याबद्दल २००७ मध्ये दोन महत्त्वाचे अभ्यास प्रसिद्ध झाले. एका अभ्यासात उत्पादकांच्या आकडेवारीनुसार वर्षाला एक टक्क्याहून कमी डिस्क बदलाव्या लागायला हव्या होत्या, पण प्रत्यक्षात हे प्रमाण सामान्यतः दोन ते चार टक्के आणि काही ठिकाणी तेरा टक्क्यांपर्यंत आढळले. दुसऱ्या अभ्यासात एका मोठ्या सर्च कंपनीच्या एक लाखाहून अधिक डिस्क तपासल्या गेल्या. त्यांत बिघडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी ‘स्मार्ट’ या स्वयंनिरीक्षण व्यवस्थेच्या चार मुख्य निर्देशकांपैकी एकही इशारा दिलेला नव्हता. इशारा मिळाल्यावर इमेज काढू, असे म्हणणाऱ्याला निम्म्याहून अधिक वेळा संधीच मिळत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

त्याच वर्षी विंडोज व्हिस्टा सामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचली आणि तिच्यासोबत ‘कम्प्लीट पीसी बॅकअप’ आले. व्हीएचडी (आभासी डिस्कची फाइल) या स्वरूपातली इमेज, इन्स्टॉलेशन डीव्हीडीवरूनच ती परत उतरवण्याची सोय, वेगळा प्रोग्राम विकत घेण्याची गरज नाही : मांडणी चांगली होती, पण दोन्ही होम आवृत्त्यांमधून ती वगळलेली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ ने ती सर्व आवृत्त्यांत दिली. घरातल्या संगणकाला कंपनीनेच दिलेले असे साधन पहिल्यांदा तेव्हा मिळाले, पण तीन वर्षांतच कंपनीचा भर दुसरीकडे वळला.

२०१२ मध्ये विंडोज ८ सादर करताना विंडोजच्या निर्मात्यांनी भर ‘फाइल हिस्टरी’वर दिला, म्हणजे कागदपत्रे, छायाचित्रे यांसारख्या फायलींच्या प्रती ठेवण्यावर. घरगुती संगणकांपैकी पाच टक्क्यांहून कमी ठिकाणी जुना बॅकअप वापरला जातो, असे कारण दिले गेले. शिवाय बिघडलेले विंडोज पुन्हा नव्यासारखे करणाऱ्या ‘रिफ्रेश’ आणि ‘रीसेट’ या नव्या सोयी होत्या. परंतु त्यांचा उपयोग डिस्क शाबूत असतानाच. विंडोज ८.१ मध्ये ठरावीक वेळी आपोआप इमेज काढण्याचे पान गेले आणि फाइल हिस्टरीच्या एका कोपऱ्यात हाताने इमेज काढण्याचा दुवा तेवढा उरला. २०१५ मध्ये विंडोज १० ने जुने पान कंसातल्या नावासह परत आणले. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या १७०९ या आवृत्तीच्या वेळी ती सोय सोडून दिल्याचे जाहीर झाले, आणि संपूर्ण डिस्कच्या बॅकअपसाठी इतर कंपन्यांची साधने वापरावीत, असा सल्ला देण्यात आला.

या निर्णयाच्या बाजूने बोलण्यासारखे काही आहे. बहुतेकांच्या दृष्टीने मोलाच्या गोष्टी म्हणजे स्वतःच्या फायली. विंडोज पुन्हा टाकणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. आणि इमेज जुनी होत जाते. पण पाच टक्क्यांचा आधार कच्चा आहे. जी सोय सर्वांना मिळून तीन वर्षेही झाली नव्हती आणि जिची आठवण बहुतेकांना डिस्क गेल्यावरच होते, तिचा कमी वापर हा गरज नसल्याचा पुरावा ठरत नाही.

फायली परत आल्या म्हणजे काम परत आले, हे गृहीतकही सर्वत्र लागू पडत नाही. मराठी डीटीपीचे, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पाने जुळवण्याच्या कामाचे, उदाहरण पुरेसे आहे. गेली अनेक वर्षे लग्नपत्रिका, दिवाळी अंक, नगरपालिकांची पत्रके पानमांडणीच्या पेजमेकर या प्रोग्रामच्या ज्या फायलींत तयार झाली, त्यांतला मजकूर युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या लिपीसंकेतात नसून त्या-त्या कंपनीच्या फॉन्टच्या स्वतंत्र सांकेतिक मांडणीत आहे. डिस्क गेल्यावर फाइल हिस्टरीने त्या फायली सुखरूप परत दिल्या, तरी तोच फॉन्ट, त्याच मांडणीचा कीबोर्ड प्रोग्राम आणि त्याचे डोंगल (परवाना तपासण्यासाठी संगणकाला जोडायचे उपकरण) ओळखणारा जुना ड्रायव्हर संगणकात नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ तेवढा उमटतो. हे सगळे पूर्वीच्याच स्थितीत मिळणे इमेजमधूनच शक्य असते. ज्या पाच टक्क्यांकडे दुर्लक्ष झाले, त्यांत अशी किती दुकाने असतील याचा विचार या निर्णयात दिसत नाही.

त्याहून मोठी तक्रार अशी की सोय काढून टाकली नाही, आणि तिचे माहीत असलेले दोषही दुरुस्त केले नाहीत. सर्वांत त्रासदायक दोष आकाराचा. विंडोजच्या इमेजला नवी डिस्क मूळ डिस्कइतकी किंवा तिच्यापेक्षा मोठी लागते, मग प्रत्यक्ष डेटा कितीही कमी असो. ५०० जीबीच्या हार्ड डिस्कवर ८० जीबी भरलेले असले तरी २४० जीबीची एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी वेगवान डिस्क) नाकारली जाते, आणि जुनी डिस्क गेल्यावर बहुतेक लोक नेमकी तीच एसएसडी आणतात. जे काम घोस्ट एका फ्लॉपीवरून करत असे, ते करायला पुढे कितीतरी मोठे झालेले हे साधन तयार नाही.

दुसरा दोष फोल्डरचा. इमेज ‘विंडोजइमेजबॅकअप’ या फोल्डरमध्ये असते. त्याच्या आत संगणकाच्या नावाचे फोल्डर, त्यात तारखेचे फोल्डर आणि कॅटलॉग असतो. बाहेरच्या डिस्कवर व्यवस्था लावताना कोणी तो फोल्डर ‘जुना बॅकअप’ अशा दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला किंवा त्याचे नाव बदलले, तर इमेज परत उतरवण्यासाठी उघडलेल्या रिकव्हरी पडद्यावर ‘इमेज सापडली नाही’ एवढेच दिसते. इमेज तिथे असते, पूर्ण असते, आणि तरी यादीत येत नाही. तिसरा दोष फर्मवेअरचा, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा : जुन्या बायोसच्या पद्धतीने सुरू होणाऱ्या संगणकाची इमेज यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू केलेल्या रिकव्हरीत उतरत नाही, आणि रिकव्हरीचा पेन ड्राइव्ह दोन्ही पद्धतींनी सुरू होऊ शकत असल्यामुळे घोटाळा नेमका कशात आहे हे चटकन कळत नाही.

‘इतर कंपन्यांची साधने’ हा सल्लाही काळाबरोबर महाग झाला. घोस्टची घरगुती आवृत्ती २०१३ मध्येच बंद झाली होती. अनेकांनी भरवशाने वापरलेल्या एका इमेज प्रोग्रामची मोफत आवृत्ती २०२४ च्या सुरुवातीला संपली. तैवानमधून विकसित झालेले क्लोनझिला मोफत आणि भक्कम आहे, परंतु त्याचे काळे-निळे मजकुरी पडदे पाहून नवखा माणूस हात आखडता घेतो, आणि लहान डिस्कवर उतरवण्याच्या बाबतीत तेही सहजी दाद देत नाही.

अलीकडच्या यंत्रांत दोन गोष्टींची भर पडली आहे. बिटलॉकर या विंडोजच्या कुलूप-व्यवस्थेने सांकेतिक केलेल्या, पण चालू विंडोजमध्ये उघडलेल्या डिस्कची इमेज त्याच विंडोजमधून काढली तर ती उघड्या स्वरूपात साठते, आणि उतरवल्यावर बिटलॉकर पुन्हा सुरू करावे लागते. दुसरे असे की २०२० नंतरच्या अनेक लॅपटॉपमध्ये एसएसडी ‘व्हीएमडी’ नावाच्या कंट्रोलरमागे असते, आणि त्याचा ड्रायव्हर नसेल तर रिकव्हरीच्या पेन ड्राइव्हला नवी डिस्क दिसतच नाही. हा ड्रायव्हर लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावर मिळतो. तो उलगडून पेन ड्राइव्हवर ठेवला आणि रिकव्हरी पडद्यावरील ‘लोड ड्रायव्हर’मधून निवडला की डिस्क यादीत येते. पेन ड्राइव्ह तयार करणारा विंडोजमधला प्रोग्राम याची आठवण करून देत नाही, त्यामुळे संगणक चालू स्थितीत असतानाच हा ड्रायव्हर काढून ठेवावा लागतो.