कपकेक : पोषणमूल्य आणि खाण्याचे प्रमाण

कागदी वाटीत, एका माणसापुरता भाजलेला छोटा केक. छोट्या कपांत भाजायच्या केकची कृती अमेरिकेत १७९६ साली छापलेली आढळते. पुढे जिन्नस कपाने मापून केलेल्या केकलाही हेच नाव पडले : एक कप लोणी, दोन साखर, तीन मैदा आणि चार अंडी.

गोव्यात कपकेक दोन रूपांत भेटतो. पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या, टोपलीत पाव, पोळी, उंडो आणि काकणे हे पावाचे प्रकार असतात, हा नसतो. बिनक्रीमचा, वर टुटीफ्रुटीचे चार तुकडे असलेला कपकेक बेकरीच्या काचेच्या कपाटात मिळतो आणि चारच्या चहाला खपतो. दुसरा पणजी-मडगावच्या केकच्या दुकानांतला, डोक्यावर क्रीमचा शेंडा असलेला. नाव एकच असले तरी आहाराच्या हिशेबात हे दोन वेगळे पदार्थ मानावेत.

घरगुती १२ नगांचे नेहमीचे प्रमाण असे : मैदा १५० ग्रॅम, साखर १५०, लोणी ११५, अंडी २, दूध १२० मिलि, बेकिंग पावडर दीड चमचा. यातून एका नगाला साधारण १८० किलोकॅलरी, कर्बोदके २२ ग्रॅम (पैकी १२ ते १३ ग्रॅम साखर), स्निग्धांश ९ ग्रॅम आणि प्रथिने जेमतेम ३ ग्रॅम येतात. तंतू नसल्यातच जमा. कर्बोदकांपुरते पाहिले तर हा मध्यम आकाराच्या एका चपातीएवढा भरतो. मात्र चपातीत साखर नसते आणि पोट जास्त वेळ भरलेले राहते.

आता वरचा शेंडा. १५० ग्रॅम लोणी आणि ३०० ग्रॅम पिठीसाखर फेटून १२ नगांवर पिशवीने गोल काढले, की प्रत्येकावर ३७ ग्रॅमच्या आसपास क्रीम बसते : १९० किलोकॅलरी आणि २५ ग्रॅम साखर. म्हणजे शेंडा खालच्या केकपेक्षा भारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे २,००० किलोकॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ ग्रॅमच्या आसपास असावी. शेंड्यासकट एक कपकेक ३७ ग्रॅमवर जातो. त्यामुळे कपात करायची तर ती शेंड्यापासून. तेच क्रीम सुरीने पातळ पसरले तर १२ ग्रॅममध्ये भागते आणि साखर ८ ग्रॅमवर येते.

गोव्याच्या दमट उकाड्यात लोण्याचे क्रीम दुपारी टिकत नाही, म्हणून दुकानांत बरेचदा वनस्पती-चरबीचे क्रीम वापरतात. ते उभे राहते, पण जिभेवर मेणचट थर ठेवते. तेला-तुपांतील ट्रान्स फॅटवर, म्हणजे हृदयाला घातक चरबीवर, जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. संपृक्त चरबी मात्र राहतेच. खोक्यावरची घटकांची यादी वाचावी.

घटक कमी करताना खोड्या होतात. साखर ओल धरते आणि रंग आणते : १५० वरून ११० ग्रॅमवर आणली तर चालते, निम्म्याखाली गेली की केक फिका आणि कोरडा होतो. निम्मा मैदा काढून कणीक घातली तर दोन मोठे चमचे दूध वाढवावे आणि मिश्रण दहा मिनिटे झाकून ठेवावे, नाहीतर घास खरखरीत लागतो. पिकलेले सालदाटी केळे कुस्करून घातले की साखर आणखी थोडी कमी करता येते. माडाचा गूळ चवीला फार छान, पण उष्मांक साखरेएवढेच. त्याला 'पौष्टिक' म्हणून दोन नग जास्त खाणे ही फसवणूक. सोमवारी बिनअंड्याचा करणारे अनेकदा डब्यातले आटवलेले गोड दूध ओततात. त्यात निम्म्याहून अधिक साखर असते, हे धरून वेगळी साखर घालू नये. दही आणि चिमूटभर सोडा हा बरा मार्ग.

प्रमाण राखायला आकार सर्वांत उपयोगी. त्याच मिश्रणाचे छोट्या साच्यात ३६ नग होतात, प्रत्येकी ६० किलोकॅलरी. १८० अंशांवर मोठ्यांना १८ ते २० मिनिटे लागतात, छोट्यांना १० ते १२. मोठ्यांची वेळ लावली तर छोटे सुकतात. कागद दोन-तृतीयांशच भरावा, जास्त भरला तर मिश्रण कडेने उतू जाते.

पावसात बाहेर ठेवलेल्या केकला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते आणि 'वाया जाईल' म्हणून घरातले सगळे संपवून टाकतात. चार ठेवावेत, आठ बिनक्रीमचे गार करून, घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये टाकावेत. दोन महिने टिकतात. बाहेर काढल्यावर गुंडाळलेलेच तासभर ठेवावेत, म्हणजे हवेतले पाणी केकवर न बसता प्लास्टिकवर बसते.

मधुमेह्यांनी बिनक्रीमचाही नग जेवणातल्या भाताच्या किंवा चपातीच्या बदल्यात मोजावा, वरून नव्हे. दोन वर्षांखालील मुलांना वाढदिवसाचाही शेंडा चाटवू नये.