पहिल्या पावसात उपाशी राहणारा गोल्डियन फिंच

गोल्डियन फिंच धोक्यात आहे असं म्हटलं की हमखास उत्तर येतं, ‘पण हे पक्षी तर जगभर पिंजऱ्यांत वाढवतात!’ वाढवतात खरे. पण पिंजऱ्यात बाराही महिने दाणे मिळतात. रानातल्या गोल्डियनचं दुखणं नेमकं तिथेच आहे: त्याला दाणे कधी मिळतात आणि कधी संपतात, यात.

मुनियांच्या कुळातला हा चिमुकला पक्षी फक्त उत्तर ऑस्ट्रेलियात, विरळ झाडांच्या गवताळ रानांत राहतो. पाठ हिरवी, छाती जांभळी, पोट पिवळं. डोकं बहुतेकांचं काळं, काहींचं लाल, क्वचित एखाद्याचं पिवळसर. जॉन गोल्ड यांनी १८४४ मध्ये त्याला आपल्या दिवंगत पत्नीचं, एलिझाबेथ गोल्ड यांचं नाव दिलं. एकेकाळी मोठाले थवे दिसत. आज तुटक टोळ्या उरल्या आहेत, आणि ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात तो संकटग्रस्त प्रजातींत मोडतो. पिल्लांच्या चोचीच्या कडेचे निळे मणी ‘अंधारात दिव्यासारखे पेटतात’ ही समाजमाध्यमांवर फिरणारी थाप आहे. ते स्वतःचा प्रकाश निर्माण करत नाहीत, ढोलीत शिरलेला अंधुक प्रकाश परावर्तित करतात. एवढी सुंदर गोष्ट असताना खोट्याची भर कशाला घालायची?

आता मुद्द्याकडे. हा पक्षी जवळजवळ पूर्णपणे गवताच्या बियांवर जगतो. कोरड्या ऋतूत त्याचा आधार म्हणजे एकवर्षायू रानज्वारी. पावसाळा सरताना ती बी गाळते आणि मरून जाते. बीला लांब कुसळ असतं. ते ओलाव्याने उलगडतं, वाळलं की पुन्हा पिळतं आणि बीला मातीत ढकलतं. जमिनीवर उरलेलं बी पक्षी महिनोन्‌महिने टिपतात. पण रानज्वारीचं बी दोन-तीन वर्षं मातीत निजून राहत नाही. पहिले चांगले पाऊस पडले की जवळजवळ सगळं एकदम रुजतं. रुजलेल्या बीतला पिठूळ साठा कोंबासाठी खर्ची पडतो, आणि पक्ष्यांचं अन्न पाहता पाहता नाहीसं होतं. रान हिरवंगार होतं, पण दाणा नसतो. त्याच सुमारास गोल्डियन अंगावरची सगळी पिसं बदलत असतो आणि त्याला ऊर्जा नेहमीपेक्षा जास्त लागते.

नवी रानज्वारी दाणा धरेपर्यंतचे आठवडे तगून राहायचं तर पावसाच्या सुरुवातीलाच बी धरणारी बहुवर्षायू गवतं हवीत: कॉकाटू गवत, स्पिनिफेक्स. स्पिनिफेक्स जळलं की पुन्हा पुरेसं बी धरायला त्याला काही वर्षं लागतात. कॉकाटू गवताचे कोवळे कोंब गुरं खाऊन टाकतात. टोळीच्या आवाक्यातलं सगळं रान एकाच वर्षी जळलं, तर हे मधले आठवडे कशावर काढायचे?

आग मुळातच वाईट, असं मात्र नाही. कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला लावलेली छोटी, कमी धगीची आग पाचोळा जाळते आणि जमिनीवरचं बी उघडं करते. तिथले आदिवासी हजारो वर्षं असंच तुकड्या-तुकड्यांनी रान जाळत आले. त्यांना त्यांच्या भूमीवरून हुसकावल्यावर ही पद्धत बऱ्याच भागांत मोडली, आणि ऋतूच्या अखेरीस भडकणाऱ्या प्रचंड वणव्यांना मोकळं रान मिळालं. हे वणवे निलगिरीची पोकळ झाडंही पाडतात, आणि गोल्डियन घरटं करतो ते त्यांच्याच ढोल्यांत.

पूर्वी हे पक्षी पिंजऱ्यांसाठी पकडले जात. ती धरपकड कायद्याने थांबून चार दशकं झाली, तरी जुने थवे परतले नाहीत. म्हणूनच वायव्य ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागातल्या मॉर्निंग्टन अभयारण्यात भर दिला गेला तो आगीच्या वेळापत्रकावर. कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच हेलिकॉप्टरमधून ठिकठिकाणी लहान आगी लावायच्या, म्हणजे पुढे येणाऱ्या वणव्याला सलग गवत मिळत नाही आणि न जळलेले जुने पट्टे शिल्लक राहतात. परिणाम जोखायला नुसती पक्ष्यांची मोजदाद पुरत नाही. संशोधक पक्षी अलगद पकडून त्यांची चरबी, स्नायू आणि रक्त तपासतात, कारण उपासमार संख्येत दिसण्याआधी शरीरात दिसते.