चकवा आणि कॅमेरा: ‘फाउंड फुटेज’ भयपटांवर दोन तट का पडतात

फाउंड फुटेज, म्हणजे ‘सापडलेल्या चित्रणा’चे, भयपट पाहून बाहेर पडणाऱ्यांची दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, “कॅमेरा सरळ धरता येत नाही का यांना? डोकं उठलं.” दुसरं, “मागच्या खोलीतला दिवा घालवायचा धीर झाला नाही.” सिनेमा एकच, हॉल एकच. सोलापुरातला हा वाद आवडीनिवडीवर घातला जातो, पण त्याचं मूळ या प्रकाराच्या इतिहासात आहे. सिनेमा कुठल्या भाषेत, किती मोठ्या पडद्यावर आणि कितव्या मिनिटापासून पाहिला, यावरही बरंच ठरतं.

प्रकार तसा सोपा आहे. पात्रांनी स्वतः चित्रण केलं, पात्रं नाहीशी झाली, चित्रण मागं सापडलं. आपल्याकडे भुताची गोष्ट सांगणाराही “आमच्या चुलत्यानं डोळ्यांनी पाहिलंय, विचार त्यांना” असा साक्षीदार उभा करतोच. इथं तो साक्षीदार म्हणजे कॅमेरा. साक्षीदारावर विश्वास बसला तर गोष्ट अंगावर येते, नाही बसला तर तिच्यात हाती काहीच लागत नाही. अधलीमधली जागा फार थोडी असते, म्हणून मतं टोकाची होतात.

विश्वास किती ताणता येतो हे १९८० मध्ये इटलीत दिसलं. रुज्जेरो देओदातो यांच्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’मधल्या नटांनी वर्षभर लोकांसमोर यायचं नाही असं ठरलेलं होतं. सिनेमा जप्त झाला, नट खरोखर मारले गेल्याचा संशय आला आणि ते जिवंत आहेत हे दिग्दर्शकाला दाखवून द्यावं लागलं. त्या सिनेमात प्राण्यांची हत्या मात्र खरीच होती, आणि तो डाग पुसला गेलेला नाही.

आजचे दोन तट खऱ्या अर्थानं पडले ते १९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’पासून. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांनी ऑक्टोबर १९९७ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या जंगलात आठ दिवसांत चित्रीकरण केलं. कॅमेरे दोन, एक हाय-एट व्हिडिओ आणि एक १६ मिलिमीटर फिल्मचा, आणि दोन्ही नटांच्याच हातात. जीपीएसवर ठरलेल्या जागी पोचायचं, तिथं ज्याची त्याची सूचनांची चिठ्ठी उचलायची, दुसऱ्याची वाचायची नाही. दिवसागणिक खाणं कमी होत गेलं. जमलेल्या सुमारे २० तासांतून ८१ मिनिटं उरली.

चेटकिणीच्या दंतकथेवर माहितीपट करायला जंगलात गेलेले तिघं विद्यार्थी दिवसभर दक्षिणेकडे चालून पुन्हा त्याच ओंडक्यापाशी येतात, हा त्यातला गाभ्याचा प्रसंग. मराठी माणसाला यासाठी शब्द शोधावा लागत नाही: चकवा लागला. ज्यांना तो शब्द घरातून मिळालाय, त्यांना ही नुसती पायपीट वाटत नाही, असं आमचं ठाम मत आहे.

प्रदर्शनापूर्वी संकेतस्थळावर तिघं खरोखर बेपत्ता असल्याचं मांडलं होतं. जगभरात जवळपास २४.८ कोटी डॉलर जमले. पण अमेरिकेत चित्रगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून श्रेणी घेणाऱ्या सिनेमास्कोरवर त्याला मिळाली फक्त ‘सी प्लस’. समीक्षकांनी उचलून धरलेला सिनेमा तिकीट काढून आलेल्यांना फसवणूक वाटला.

“शेवटी झालं काय?” हा आक्षेप तेव्हापासूनचा आहे. (पुढच्या दोन ओळींत शेवट सांगितला आहे.) शेवटी एकजण भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात उभा दिसतो. त्याचा अर्थ सुरुवातीच्या मुलाखतींतल्या एका वाक्यात आहे: त्या दंतकथेतला मारेकरी एका मुलाला कोपऱ्यात उभं करून दुसऱ्याला मारायचा. चाचणी खेळांत लोक गोंधळले, म्हणून हा खुलासा नंतर चित्रित करून घातला. दहा मिनिटं उशिरा आत शिरलेल्याच्या हातून तो निसटू शकतो, एकमेकांच्या बोलण्यात मिसळलेलं इंग्रजी न कळणाऱ्याच्या हातूनही. मध्यंतरानं तर ८१ मिनिटांचा ताण मधोमध तुटतो.

हिंदी डबिंगनं नुकसान आणखी वाढतं. या सिनेमात आवाज हाच अर्धा पुरावा असतो: वाऱ्याची घरघर, कापडाची घासण, लांबून आलेली हाक. स्टुडिओत माइकसमोर बोललेला स्वच्छ संवाद त्यावर बसला की जंगलात कुणी नाही, हे कानाला लगेच कळतं. आपल्याकडे त्यात पंख्यांची भर पडते, आणि सोलापूरच्या पूर्व भागात घरी मोबाइलवर पाहणाऱ्याला यंत्रमागांच्या खटखटीत तो बारीक आवाज मिळतच नाही. तिथं हेडफोन लागतातच.

मळमळीची तक्रारही खोटी नाही. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण बसलोय, डोळे सांगतात की पळतोय. चित्र रुंदीच्या दोन टक्के हललं तर २१ इंची जुन्या टीव्हीवर ते अर्ध्या इंचाहून कमी सरकतं. ४० फुटी पडद्यावर तेच वीतभर सरकतं. पुढच्या रांगांत पडदा सगळी नजर व्यापतो, म्हणून मागच्या तिसऱ्या भागात बसावं. गरगरू लागलं तर पडद्याच्या स्थिर कडेकडे पाहावं.

‘पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी’नं कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून ही तक्रार बरीचशी मिटवली. ओरेन पेली यांनी २००६ मध्ये स्वतःच्या घरात सात दिवसांत, सुमारे १५ हजार डॉलरमध्ये तो केला. २००९ मध्ये तो सर्वत्र लागला. मग तक्रार बदलली: “नुसतं दार हलतंय.” काही घडण्याआधी त्यात एक खालच्या पट्टीची घरघर सुरू होते. मोबाइलच्या स्पीकरला ती झेपत नाही, त्यामुळे तिथं खरंच नुसतं दार हलतं.

२०१२ च्या ‘द डेव्हिल इनसाइड’बद्दल मात्र प्रेक्षकांचीच बाजू खरी. कथा अर्धवट तोडून पडद्यावर संकेतस्थळाचा पत्ता दिला होता, आणि सिनेमास्कोरनं थेट ‘एफ’ दिला. तिथं साक्षीदारच मध्येच उठून गेला.

हिंदीत ‘लव्ह सेक्स और धोखा’ने २०१० मध्ये ही चित्रणाची शैली भयाविना वापरली, ‘रागिणी एमएमएस’ने २०११ मध्ये भयासह. २०१३ च्या कन्नड ‘६-५=२’मध्ये गिर्यारोहणाला गेलेली मित्रमंडळी आहेत. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या कानडी जाणणाऱ्यांनी तो मूळ भाषेतच पाहावा, म्हणजे डबिंगचा प्रश्न उरत नाही. २०२० चा ५७ मिनिटांचा ‘होस्ट’ तर सगळा झूम कॉलवर घडतो. लॅपटॉपवर दिवे घालवून, न थांबता पाहिला तर पात्रांसमोरचा पडदा आणि आपला पडदा एकाच आकाराचे असतात.