ग्रामीण ब्रॉडबँडचा सरकारी विस्तार व त्यावरील राजकीय वाद (कोल्हापूर जिल्हा)

गावोगावी वेगवान इंटरनेट नेण्यासाठी सरकारने पैसा कोणामार्फत आणि कुठवर खर्च करावा, याविषयीचा वाद. देशपातळीवर तो मुख्यतः भारतनेट, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या केंद्र सरकारच्या प्रकल्पाभोवती फिरतो. कोल्हापूर जिल्ह्यात मात्र या प्रश्नाला भारतनेटच्या तेरा वर्षे आधी, वारणा खोऱ्यातच तोंड फुटले होते.

पन्हाळा तालुक्यातील वारणानगर केंद्रस्थानी धरून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प १९९८ मध्ये हाती घेण्यात आला. खर्चातील ५० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा आणि १० टक्के वारणेच्या सहकारी संस्थांचा होता. बाजारभाव, पीकसल्ला, जमिनीचे उतारे हे सारे मराठीतून गावातल्या केंद्रावर मिळावे, असा बेत होता. प्रत्यक्षात ही केंद्रे मुख्यतः साखर कारखान्याच्या कामाला लागली : उसाची नोंद, तोडणीची परवानगी, काट्यावरचे वजन, बिलाचा हिशेब. पुढे बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च संस्थेने ७ गावांत हेच काम साध्या मोबाइलवरील एसएमएसने करून पाहिले आणि ते कमी खर्चात जमले.

सरकारी खर्चाचे टीकाकार या अनुभवाकडे बोट दाखवून म्हणतात, की आधी यंत्रे आणली आणि गरज नंतर शोधली. पण वारणेत संगणक अडगळीत पडले नव्हते. कारखान्याची माहिती रोज त्यांवर येत होती, कारण ती पाठवणे कारखान्याच्या रोजच्या गरजेचे होते. शेती आणि महसूल खात्यांची माहिती तितक्या नेमाने येईल याची जबाबदारी कोणावरच पक्की नव्हती. वारणेतून घ्यायचा बोध हाच आहे आणि भारतनेटच्या चर्चेत तो फारसा कोणी घेतलेला नाही.

भारतनेटला २०११ मध्ये संयुक्त पुरोगामी आघाडी सरकारने ‘राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क’ या नावाने मंजुरी दिली. २०१५ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. पैसा दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलावरील ५ टक्के आकारणीतून उभ्या राहिलेल्या निधीचा. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीचे ‘डिजिटल भारत निधी’ असे नामकरण केले. योजनेच्या श्रेयाचा वादही चालू आहे. योजना आमची, असे काँग्रेस म्हणते. २०१४ पूर्वी फक्त पाच डझन पंचायती जोडल्या होत्या, असे पंतप्रधान मोदी यांनी १५ ऑगस्ट २०२० च्या भाषणात सांगितले आणि सहा लाखांवर गावे १००० दिवसांत जोडण्याची घोषणा केली. ती मुदत मे २०२३ मध्ये उलटली. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला.

कोल्हापुरात हे आकडे भूगोलाला अडखळतात. शिरोळ, हातकणंगले, कागल, करवीर या पट्ट्यात गावे मोठी व जवळजवळ आहेत, उसाचा पैसा खेळता आहे. तिथे खाजगी कंपन्या आणि गावचा केबलवाला आपणहून फायबर ओढतात. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, चंदगड या तालुक्यांच्या डोंगरी भागात एका ग्रामपंचायतीत कितीतरी वाड्या आणि धनगरवाडे येतात. मूळ योजनेने मोजमापाचे एकक ग्रामपंचायत हेच धरले. त्यामुळे ग्रामपंचायत कार्यालयात फायबरच्या जोडणीची पेटी बसली की गाव जोडल्याची नोंद होते. डोंगरापलीकडच्या वाडीत रेंजसुद्धा नसली तरी नोंद बदलत नाही. अभयारण्यातून खोदाईला वन खात्याची परवानगी लागते आणि घाटमाथ्याचा पाऊस कामाचे महिने खाऊन टाकतो.

दुसरा कळीचा मुद्दा मांडणीचा. सुरुवातीच्या टप्प्यात तालुक्यापासून गावापर्यंत एकेरी वायर गेली. रस्त्याच्या कामात जेसीबीने ती कुठेही तोडली, की पुढची सगळी गावे बंद. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत या जिल्ह्यात रस्ते तुटून गावे वेढली गेली. संपर्काला दुसरी वाट असणे ही इथे चैन नाही. सुधारित कार्यक्रमात वायर वर्तुळाकार फिरवून दोन्ही बाजूंनी जोड देण्याची आणि उभारणीसोबत १० वर्षांच्या देखभालीची तरतूद आहे. माझ्या मते सगळ्या खर्चात हाच भाग सर्वांत समर्थनीय आहे.

काम कोणी करावे, यावरही मतभेद आहेत. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने ते महानेटच्या नावाने स्वतःकडे घेतले. इतर १६ राज्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने १९,०४१ कोटींचा आधार देऊन खाजगी भागीदारीचा मार्ग काढला, पण निविदांना प्रतिसाद मिळाला नाही. फायदा नसलेल्या गावांत बाजार आपणहून जाईल, हा युक्तिवाद तिथेच लंगडा पडला. आता बीएसएनएलवर भिस्त आहे, आणि घरोघरी जोडणीसाठी ‘भारतनेट उद्यमी’ म्हणून स्थानिक केबलचालकांना उत्पन्नात वाटा देण्याची पद्धत आहे. उपग्रह इंटरनेट हा पर्याय अलीकडे पुढे आला आहे. राज्य सरकारने २०२५ मध्ये उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक या कंपनीशी इरादापत्र केले, त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम व धाराशिव यांचा उल्लेख होता.

खर्चाला विरोध करणाऱ्यांचा एक प्रश्न रास्त आहे : मोबाइल डेटा स्वस्त झाल्यावर फायबर हवे कशाला? पण मोबाइलच्या मनोऱ्यालाही मागे दणकट वायर लागते. शिवाय सरकारनेच आपली कामे ऑनलाइन नेली आहेत. २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने पिकाचा फोटो स्वतः भरायचा असतो. बांधावर रेंज नसेल तर तो अपलोड करायला दुसरीकडे जावे लागते. नोंद करायची राहून गेली, तर नुकसानभरपाईच्या वेळी अडचण येते.

ग्रामपंचायतीत आलेली वायर वापरात ठेवणारा माणूस म्हणजे संगणक परिचालक. त्याचे मानधन वित्त आयोगाच्या निधीतून, कंत्राटी व्यवस्थेमार्फत दिले जाते. कर्मचाऱ्याचा दर्जा आणि वेळेवर वेतन या मागण्यांसाठी परिचालकांनी वारंवार आंदोलने केली आहेत. हजारो कोटींच्या चर्चेत त्यांचा प्रश्न अजून बाजूलाच आहे.